मंगळवारच्या पंगतीला कोण येणार?

नागपुरातल्या मेडिकल चौकाच्या मागच्या बाजूला असलेल्या ज्या छोट्या फूड बँकेत मी गेली काही वर्षे आठवड्यातून एक संध्याकाळ देतो, तिथल्या भिंतीवर एक मोठी दिनदर्शिका टांगलेली आहे. कोणत्या दिवशीचे जेवण कोणाकडून, हे तिच्या रकान्यांत पेन्सिलीने लिहिले जाते. पितृपक्षाच्या पंधरवड्यात एकेका तारखेखाली तीन-तीन नावे दाटीवाटीने बसलेली असतात, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी वर्षभर आधी भरतात, रविवार सहसा रिकामा राहत नाही. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतची पाने मात्र जवळजवळ कोरी असतात, आणि मंगळवार तर बाराही महिने ओसाड. नागपुरात अन्नदान करणाऱ्यांची किंवा त्यासाठी राबायला तयार असणाऱ्यांची वाण आहे, असे मला कधीच वाटले नाही. अडचण वेगळी आहे. आपली सेवा कोणत्या दिवशी आणि कोणत्या कामाला लागावी, हे देणारा स्वतःच्या पंचांगावरून ठरवतो. ते घेणाऱ्याच्या पंचांगावरून ठरले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ऐकायला ते साधे वाटते, पण त्यातून निघणाऱ्या काही गोष्टी माझ्यासह अनेक स्वयंसेवकांच्या पचनी पडत नाहीत.

‘बँक’ हा शब्द या कामाला जोडलेला मला पूर्वी खटकत असे. अन्नछत्र, सदावर्त, भंडारा असे आपलेच शब्द असताना ही उसनवारी कशाला, असे वाटे. आता वाटते की त्या शब्दात एक नेमका अर्थ आहे आणि तो आपण घेतलेलाच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात १९६७ मध्ये पहिली फूड बँक उभी राहिली. ज्याच्याकडे आज जास्तीचे आहे त्याने ते इथे ठेवावे आणि ज्याला उद्या लागेल त्याने ते इथून न्यावे, अशी तिच्यामागची साधी कल्पना होती. ठेवीचा दिवस आणि उचलीचा दिवस वेगळा असू शकतो, हाच बँकेचा मुख्य उपयोग. भंडाऱ्यात तसे नसते. तिथे ज्या दिवशी शिजते त्याच दिवशी खपते, आणि शिजते ते यजमानाच्या सोयीच्या दिवशी. नागपुरातल्या बहुतेक फूड बँका पाटी बँकेची लावतात आणि चालतात मात्र भंडाऱ्यासारख्या.

भंडाऱ्याला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. तेव्हा शहरभर ठिकठिकाणी मंडप घालून त्यांना जेवू घालणारे जे हजारो हात असतात, त्यांना मी स्वयंसेवेच्या चर्चेत ओढणार नाही, कारण ते पाहुण्यांचे आदरातिथ्य आहे आणि १९५६ पासूनच्या एका मोठ्या सामूहिक आठवणीचा तो भाग आहे. ताजबागेच्या दर्ग्यातला लंगर, रामनवमीच्या शोभायात्रेतले सरबताचे स्टॉल, हनुमान जयंतीचा महाप्रसाद यांचीही जातकुळी तीच. तिथे जेवणारा भुकेला असतोच असे नाही आणि तसा तो असावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. घोटाळा होतो तो ही उत्सवी रीत जशीच्या तशी उचलून रोजच्या भुकेला लावल्यामुळे.

रोजच्या भुकेचे म्हणून एक पंचांग असते. त्यातला पहिला मोठा कालखंड उन्हाळ्याच्या सुट्टीचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा शासनाचा निकष आहे. खिचडीच्या दर्जाविषयी कोणी कितीही बोलो, पण ज्या घरात आई-वडील दोघेही रोजंदारीच्या शोधात सकाळी सातला ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, जाऊन उभे राहतात, त्या घरात हे जेवण दिवसातले सर्वांत खात्रीचे असते. सुट्टी लागली की सहसा ते बंद होते. त्यातही विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे खात्रीचे जेवण नसलेले दिवस इथे आणखी वाढतात. आणि याच काळात आमच्या दिनदर्शिकेची पाने कोरी असतात, कारण दाते गावी किंवा थंड हवेच्या ठिकाणी गेलेले असतात आणि महाविद्यालयीन स्वयंसेवक परीक्षेत तरी असतात किंवा परीक्षेनंतरच्या सुट्टीत.

दुसरा काळ पावसाचा. जुलैत झड लागली की बांधकामे थांबतात आणि ठिय्यावरून माणसे दहा वाजता रिकाम्या हाताने परततात. झड ओसरल्यावरही त्या आठवड्यातली उधारी पुढचे तीन आठवडे खात राहते. तिसऱ्याला काळ म्हणण्यात अर्थ नाही, कारण तो बारमाही आहे. मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी ही सरकारी रुग्णालये आणि तुकडोजी पुतळ्याजवळचे कॅन्सर रुग्णालय इथे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापासून थेट छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. वॉर्डात भरती झालेल्याला रुग्णालयाचा आहार मिळतो. त्याच्यासोबत आलेल्या माणसाला तो मिळत नाही आणि त्याच्या पोटाची नोंद कुठल्याच कागदावर नसते. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याजवळचे पैसे संपतात, तेव्हा वार कोणता आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते.

गेल्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारी गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडची एक बाई नातवाला घेऊन रांगेत होती. तिचा मुलगा वॉर्डात होता. स्टीलच्या डब्यात वरण-भात आणि वर आलू-वांग्याची भाजी घेतल्यावर ती बाजूला झाली नाही. झाकण घट्ट बसले की नाही हे तिने दोनदा पाहिले आणि विचारले, “उद्या असन का भाऊ?” मी दिनदर्शिकेकडे पाहिले. बुधवारचा रकाना कोरा होता. कोरा रकाना म्हणजे जेवण नाहीच असे नाही, कोठीत तांदूळ आणि डाळ होती, पण शिजवायला आणि वाढायला कोण येईल हे मला ठाऊक नव्हते. मी “बहुतेक असेल” म्हणालो. असे उत्तर मिळालेला माणूस हातातले अर्धे जेवण राखून ठेवतो. तिनेही ठेवले असणार, कारण नातवाला तिने तिथेच बसवून खाऊ घातले आणि स्वतः काही खाल्ले नाही. माझ्या मते अन्न वाटणाऱ्या संस्थेची परीक्षा याच एका प्रश्नावर व्हावी. आज किती ताटे गेली हा आकडा आम्ही अहवालात मोठ्या अक्षरांत छापतो. उद्याचे जेवण नक्की आहे, असे किती जणांना छातीठोकपणे सांगता आले, हा आकडा कोणीच काढत नाही.

आता कामाविषयी. रविवारी आमच्याकडे वाढायला बारा माणसे असतात आणि भांड्यांना दोन. पळी, झारा आणि बादली मिळून वाढण्याची साधने आठ, त्यामुळे चौघे नुसतेच उभे राहतात, आणि त्यातला एखादा फोटो काढतो म्हणून त्यालाही काम असल्यासारखे दिसते. वाढदिवसाच्या मुलाच्या हातून पहिली पळी घालावी, असा आग्रह असतो. मुलगा आठ वर्षांचा, पळी त्याच्या कोपराएवढी, आणि रांगेतला माणूस ताट पुढे करून, हसरा चेहरा ठेवून थांबलेला. या प्रसंगात वाईट कोणीच नसते, तरी तो मला दर वेळी अवघड वाटतो. ताट धरून उभ्या असलेल्या माणसाला आपल्या मुलाच्या संस्कारांसाठी नेपथ्य म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला अजून कळलेले नाही. तोच मुलगा आतल्या खोलीत बसून तूरडाळीच्या पाकिटांवरच्या तारखा वाचू शकतो. ते काम त्याला छान जमते, लहान अक्षरे त्याला आमच्यापेक्षा चांगली दिसतात. एकदा एका मुलीने तासाभरात मुदत संपलेली अकरा पाकिटे वेगळी काढली आणि सोंडे झालेला तांदळाचा कट्टाही तिनेच शोधला. तिचा फोटो कोणी काढला नाही, कारण ती खोली अंधारी आहे.

फूड बँकेचे तीन चतुर्थांश काम असेच आत चालते. दान आलेला माल उतरवणे, तारखा पाहणे, आधी संपणारा माल पुढे लावणे, वहीत आवक-जावक लिहिणे, गंज म्हणजे मोठी पातेली आणि कढया घासणे, सांडपाण्याची जाळी साफ करणे. इथे मला एक पुरवणी जोडायची आहे, जी आमच्याच मंडळींना आवडत नाही. यातली काही कामे स्वयंसेवकांनी करूच नयेत. रोज शंभर माणसांचा स्वयंपाक करणारा आचारी आणि त्याची भांडी घासणारी बाई यांना मजुरी दिली पाहिजे, आणि ती बाजारभावाने दिली पाहिजे. गरिबांसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघरात ‘सेवा आहे’ म्हणून एका गरीब बाईला निम्म्या पैशांत राबवून घेतले, तर तिची गणना दात्यांत करावी लागेल. स्वयंसेवकाने अशी मजुरी वाचवू नये, तिच्यासाठी पैसे गोळा करावेत आणि स्वतः हजेरी, नोंद आणि तपासणीची कामे घ्यावीत.

तपासणी हे नाव कोरडे वाटते, पण नागपूरच्या उन्हाळ्यात जीव त्याच्यावरच अवलंबून असतो. लग्नसराईत शहराबाहेरच्या लॉनवरून रात्री फोन येतो की दोनशे माणसांचे जेवण उरले आहे, घेऊन जा. फोन करणाऱ्याची भावना चांगली असते, घाईही असते, कारण लॉन बाराला रिकामे करायचे असते. मेमधल्या अशाच एका रात्री आम्ही गेलो, तेव्हा भात साडेसातपासून उघड्या परातीत पडून होता आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढत जातात. भाताच्या बाबतीत गोष्ट आणखी वाईट आहे, कारण त्यात वाढणारा बॅसिलस सेरियस हा जंतू असे विष तयार करतो की भात पुन्हा उकळला तरी ते नष्ट होत नाही. म्हणजे ‘गरम करून देऊ’ हा आपला घरगुती तोडगा इथे चालत नाही. आम्ही तो भात नाकारला. यजमानांकडचे एक गृहस्थ म्हणाले, “भुकेल्याला काय होते?” त्यांच्या पाहुण्यांना हाच भात त्या वेळी वाढला असता का, हे मी विचारले नाही, पण विचारायला हवे होते. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. ते पाळायचे तर अन्न कधी शिजले, कधी उचलले आणि कोणत्या तापमानाला होते, हे लिहून ठेवणारे कोणीतरी हवे. एक थर्मामीटर, एक वही आणि रात्री अकराला उठून ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस. मला विचाराल तर बारा वाढप्यांपेक्षा असा एक माणूस आधी शोधावा.

यापुढचा मुद्दा अधिक वादाचा आहे. अनेकांचे म्हणणे असते की पोटाची जबाबदारी सरकारची आहे, स्वयंसेवकांनी ती अंगावर घेऊन सरकारला मोकळे का करावे? हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच त्याचे उत्तर स्वयंपाकघर बंद करण्यात आहे असे मला वाटत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानुसार प्राधान्य गटातल्या गरीब कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे ते देशात कुठल्याही रेशन दुकानातून उचलता येते. कागदावर पाहिले तर आमच्या रांगेत कोणी उभे राहण्याचे कारण उरत नाही.

रांगेत उभ्या असलेल्यांशी बोलले की कारणे कळतात. कुरखेड्याच्या त्या बाईकडे कार्ड होते आणि ते नागपुरात चाललेही असते, पण रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या माणसाने पाच किलो कच्चा तांदूळ घेऊन करायचे काय? तिच्याजवळ चूल नव्हती. तिला शिजलेलेच अन्न हवे होते. तिच्या मागे उभा असलेला गवंडीकाम करणारा माणूस मात्र वस्तीत भाड्याच्या खोलीत राहत होता, घरी गॅस होता, बायको होती, आणि कार्ड नव्हते. त्याला रोजच्या डब्याची गरज नव्हती, कार्डाची होती. आम्ही दोघांच्याही डब्यात तेच वरण घातले. दोघांची गरज वेगळी आहे हे ओळखायला चार प्रश्न विचारावे लागतात, आणि पळी हातात असताना ते विचारता येत नाहीत.

कार्डाचे काम हे तर खरोखर चिकाटीचे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी शहरी भागातली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे ५९,००० रुपये ठेवली गेली. याचा हिशोब करून पाहा. ५०० रुपये रोजाने वर्षात फक्त १२० दिवस काम मिळालेल्या एकट्या कमावत्या माणसाचे उत्पन्न ६०,००० होते आणि त्याचे कुटुंब मर्यादेबाहेर जाते. शिवाय कायद्याखालचा लाभार्थ्यांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. महाराष्ट्रासाठी तो सुमारे ७ कोटींचा, त्यामुळे नवे नाव बसायला जुने नाव निघावे लागते. ज्यांचे नाव आहे त्यांनाही रेशन दुकानातल्या मशिनवर अंगठा उमटवावा लागतो, आणि सिमेंट-विटांत झिजलेला अंगठा पहिल्या खेपेला उमटत नाही. त्या गवंड्याबरोबर मी एका कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा भाडेकरार नाही म्हणून परत पाठवले, दुसऱ्यांदा साहेब नव्हते, तिसऱ्यांदा अर्ज घेतला. त्या तीन सकाळींत मी कोणाला एक घासही वाढला नाही. पण त्या वर्षी मी केलेले सर्वांत उपयोगी काम तेच होते, कारण माझ्यासारखा स्वच्छ शर्ट घातलेला माणूस सोबत असला की खिडकीमागचा सूर बदलतो. हे सत्य लज्जास्पद आहे, तरी तूर्त ते वापरावे लागते.

‘फुकट खाऊन माणसे आळशी होतात’ या आक्षेपावर मी फार शब्द खर्च करणार नाही. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळे. त्या केंद्रांपुढे रांगेत उभे असलेले लोक कामावरून आलेले किंवा कामावर निघालेले असत, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे तो हा आक्षेप पुन्हा घेत नाही.

मग करायचे काय? दात्याचे पंचांग एकदम बदलत नाही, पण तरुणांच्या तासांना वळण लावता येते. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास नियमित काम करायचे असते. आठवड्याला ४ तास धरले तर त्याचे ३० आठवडे होतात. एका महाविद्यालयाने एका फूड बँकेचा फक्त मंगळवार घेतला आणि वर्षभर सांभाळला, एवढे पुरे. आज हे तास वृक्षारोपण, प्रभातफेरी आणि गावातले सात दिवसांचे शिबिर यांत वाटले जातात. ती कामे वाईट नाहीत, पण त्यांत चुकलेल्या हजेरीमुळे कोणी उपाशी राहत नाही. ज्या कामात आपल्या न येण्याने दुसऱ्याचे ठोस नुकसान होते, तिथेच विद्यार्थी जबाबदारी शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मिळणार नाहीत, हे गृहीत धरून ते दोन महिने निवृत्तांनी आणि नोकरदारांनी घ्यावेत. माझ्या अनुभवात निवृत्त माणसे सर्वांत वक्तशीर असतात, मात्र त्यांना वही दिली पाहिजे, सल्ला देण्याची जागा नव्हे. हे मी स्वतःवरूनही सांगतो.

आणि दात्यांच्या बाबतीत फूड बँकांनी थोडे धीट व्हायला हवे. तारीख दात्याने मागायची आणि आपण हात जोडून लिहून घ्यायची, ही पद्धत मोडली पाहिजे. आम्ही गेल्या वर्षी हा प्रयोग सुरू केला आणि पहिल्याच दिवशी फसलो. वडिलांच्या श्राद्धतिथीला दीडशे माणसांचे जेवण द्यायला आलेल्या एका गृहस्थांना मी जूनचा पहिला आठवडा सुचवला. ते शांतपणे म्हणाले, “तिथी बदलता येत नाही हो.” त्यांचे बरोबर होते, माझे उत्साहात भान सुटले होते. थोड्या वेळाने आमच्या कोठी सांभाळणाऱ्या ताईंनी मार्ग काढला. पावती तिथीच्या तारखेची फाडायची, त्या दिवशी वडिलांच्या नावाने तांदूळ, डाळ आणि तेल कोठीत जमा करायचे, आणि चूल पेटवायची जूनमध्ये. गृहस्थांनी घरी विचारून सांगतो म्हटले. तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला की चालेल, पण जूनमध्ये ज्या दिवशी शिजेल तो दिवस आदल्या संध्याकाळी कळवा, त्यांच्या आईला ते पाहायचे आहे. दिनदर्शिकेवर ४ जूनच्या रकान्यात आम्ही त्यांचे आडनाव पेन्सिलीऐवजी पेनने लिहिले. तो मंगळवार नव्हता, गुरुवार होता, पण त्या आठवड्यातली ती पहिलीच नोंद होती.